बाजरीची पावती

गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांचे हिशेब तपासणं हे माझं काम. 2018 च्या नोव्हेंबरात त्यासाठीच पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. रविवारी तिथं हंगामाची उपकारस्तुती, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायची उपासना होती. खजिनदार तापानं आडवे पडलेले, म्हणून पावत्या फाडायला मीच बसलो.

हंगाम म्हणावा असं त्या साली काही नव्हतं. ऑक्टोबरअखेर सरकारनं 151 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात पाथर्डीही होता. बाजरी उभ्या रानात करपलेली. तरणीताठी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. चर्चमध्ये सतरंजीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडं. त्यातून या मंडळीनं ठरवलेलं, की यंदाचं अर्पण केरळच्या पूरग्रस्तांना पाठवायचं. मला वाटलं, पाळकसाहेब दानाबद्दल फार बोलणार नाहीत.

त्यांनी बायबलमधल्या, प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा 8 वा अध्याय उघडला. यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच कमालीच्या दारिद्र्यात. तरी आम्हालाही यात वाटा घेऊ द्या, म्हणून त्या पौलाला विनवत होत्या. हा अध्याय मला जवळजवळ पाठ आहे, पण तो पुढच्या भागासाठी. ती रक्कम पोचवताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं धाडतो. व्यवहार प्रभूपुढे चोख हवा तसाच माणसांपुढेही हवा, असं सांगतो. आम्ही दानाची थैली एकट्यानं कधी मोजत नाही, ते याच शिकवणीला धरून. विनवणीचं वाक्य मात्र मी आजवर नुसतं वाचून पुढे गेलो होतो.

पेटीवर भजन सुरू झालं. माणसं एकेक करून पुढे येऊ लागली. दोन लिंबं, शेवग्याच्या शेंगा, गावरान अंडी, पाय बांधलेली एक कोंबडी. शेवटी एक आजी आल्या. हातात डालड्याचा जुना डबा, त्यात बाजरी. रानात पिकलंच नव्हतं. विकतच्या दाण्यांतून दळणाच्या वेळी एकेक मूठ बाजूला टाकत साठवलेली.

त्यांच्या घरी आदल्या दिवशीच मी चहा घेतला होता. मुलगा-सून तोडीला, तीन नातवंडं यांच्या गळ्यात. मी हळूच म्हणालो, "आजी, तुमचं नाव लिहून घेतो. बाजरी घरी न्या. देवाला सगळं कळतं."

त्यांचा चेहरा उतरला. "का रं लेकरा? माझ्या दाण्यात खडं हायेत का?"

मला उत्तर सुचेना. मासेदोनियाच्या लोकांना पौलानं 'राहू द्या' म्हटलं असतं, तर ते असेच उभे राहिले असते. कीव करण्याच्या नादात मी या बाईचा मंडळीतला वाटाच नाकारत होतो. मी माफी मागितली.

"तिकडं पाण्यानं नेलं," त्या म्हणाल्या, "हितं पाण्यावाचून गेलं. त्यांचं काय झालं आसंल ते आमाला न कळायला काय झालं?"

शेजारच्या दुकानातून तराजू आणवला. बाजरी 2 किलो 300 ग्रॅम भरली.

"पावती कुणाच्या नावानं?" मी विचारलं. पुस्तकात त्या घरच्या आधीच्या सगळ्या पावत्या मुलाच्या नावावर होत्या.

"माझ्या. मूठ मी काढलीय."

उपासनेनंतर लिलाव झाला. घेतलेली वस्तू परत अर्पण करायची आणि तिच्यावर पुन्हा बोली लावायची, ही इथली रीत. एकेक लिंबू चार-चारदा फिरतं. आजींची बाजरी एका शिक्षकांनी 400 रुपयांना घेतली आणि परत टेबलावर ठेवली. मग टेम्पोवाल्या पोरानं 350 ला घेतली, त्यानंही परत ठेवली. तिसऱ्यांदा ती 500 ला गेली. मी प्रत्येक वेळी वेगळी पावती फाडली. त्या दिवसाइतक्या जपून मी अक्षरं कधी काढली नव्हती.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी आणि मी रक्कम दोनदा मोजली, दोघांनी सह्या केल्या. बाहेर पडलो तर आजी पायरीवर बसलेल्या. तिसरीतली नात पावती वाचून दाखवत होती : नाव, मग बाजरी, मग किलो, ग्रॅम. आजींनी पावती तिच्या हातातच राहू दिली आणि नाव तेवढं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.