ठाण्यात घरी बनवलेले ॲक्टिव्ह स्पीकर : माझा अनुभव

आत ॲम्प्लिफायर बसवला की स्पीकर ॲक्टिव्ह झाला, असं बरेच जण धरून चालतात. खरा फरक क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला (मोठ्या स्पीकरला) आणि वरचे ट्वीटरला (छोट्या स्पीकरला) वाटून देणारा भाग, कुठे आहे यात असतो. नेहमीच्या स्पीकरमध्ये तो ॲम्प्लिफायरच्या नंतर येतो. त्याला तांब्याच्या जाड कॉइल आणि महागडे कपॅसिटर लागतात. ॲक्टिव्हमध्ये वूफर-ट्वीटरची वाटणी आधीच होते आणि दोघांना आपापला ॲम्प्लिफायर मिळतो. काही बदलायचं तर सोल्डरिंग गन तापवायला नको, लॅपटॉपवर आकडा बदलायचा. कमी पैशांत चांगला आवाज हवा असेल तर हाच मार्ग, असं माझं ठाम मत आहे.

सामानासाठी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. एडीएयू १७०१ चिपचा डीएसपी बोर्ड (क्रॉसओव्हरची वाटणी आकड्यांत करणारा), टीपीए ३११६ चिपचे दोन ॲम्प्लिफायर बोर्ड, वीज पुरवायला २४ व्होल्टचा एसएमपीएस. डीएसपीला दोन इनपुट, चार आउटपुट. म्हणजे एकाच बोर्डावर जोडी भागते. डेटाशीट (कंपनीने दिलेला मापांचा तक्ता) नसलेला ड्रायव्हर, म्हणजे सुटा वूफर किंवा ट्वीटर, मात्र घ्यायचा नाही, हे पक्कं होतं. कारण डब्याचं सगळं गणित त्यावर. माझ्या पाच इंची वूफरचा रेझोनन्स (कोन आपसूक थरथरतो ती वारंवारता) ५० हर्ट्झ, क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते याचा आकडा) ०.४, व्हीएएस (कोनच्या लवचिकतेशी जुळणारी हवा) १२ लिटर. बंद डब्यात बसवल्यावर तोच क्यू ०.७ च्या आसपास हवा, तर आतली जागा साधारण साडेपाच लिटर येते. रेझोनन्स मग ८८ हर्ट्झवर जातो. खालचा बेस डीएसपीतून थोडा उचलता येतो. थोडाच, कारण ६ डेसिबल वाढवले की ताकद चौपट लागते.

एमडीएफ स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात कडा फुगतात. म्हणून १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. कोपरीतल्या सुतारकाकांनी सांध्यांत फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरला. "दादा, यातून मुंगीसुद्धा जाणार नाही," म्हणाले. वूफर बसवून कोन हलकेच आत दाबला आणि सोडला. तो सावकाश जागेवर आला. डबा हवाबंद असल्याची हीच खूण.

सगळ्यात जास्त वेळ मोजमापात गेला, आणि तो जायलाच हवा. रात्री उशिरा गच्चीवर स्पीकर शिडीवर दोन मीटर उंच ठेवला, समोर एक मीटरवर माइक. जमिनीवरून परत येणारा आवाज नऊ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, त्याआधीचा तेवढाच तुकडा घेतला की ११० हर्ट्झच्या वरचा आलेख विश्वासाचा. क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झवर, ऑक्टेव्हला (वारंवारता दुप्पट-निमपट होताना) २४ डेसिबल उताराचा, लिंकविट्झ-रायली नावाच्या प्रकारचा. ट्वीटरचा आवाज वूफरच्या किंचित आधी पोहोचत होता. डीएसपी सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाचे नमुने) हाताळतो; एका सॅम्पलच्या वेळात आवाज सात मिलिमीटर जातो. तीन सॅम्पल उशीर दिला. मग मुद्दाम ट्वीटरच्या तारा उलट्या जोडल्या, तर आलेखात बरोबर २५०० ला खोल खड्डा पडला. तो खड्डा जितका खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा, तितके दोन्ही ड्रायव्हर सुलट जोडल्यावर एकमेकांत मिसळतात. तो पाहून झालेला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे!

एक अडचण मात्र प्रत्येकाला येईल: गाणं बंद असतानाही ट्वीटरमधून येणारी सळसळ. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ट्वीटरच्या आधी रेझिस्टर असतो, तो ती दाबतो. इथे ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला. टीपीए ३११६ चा गेन (आवाज किती पटीने वाढवायचा ते) २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबलवर ठेवता येतो आणि तो बोर्डावरचे दोन रेझिस्टर ठरवतात. ते बदलून गेन २० वर आणला. आता कान ट्वीटरला लावला तरच ऐकू येतं.

डग्ग्याची घुमार आता चाटीच्या बोलांवर चढत नाही, तानपुऱ्याचा षड्ज खोलीत सरळ उभा राहतो. ऐरोलीच्या मित्रालाही जोडी करायची आहे, पण त्याला साडेसहा इंची वूफर हवाय. त्याला सांगितलंय, माझ्या डब्याची मापं उचलू नकोस; आधी डेटाशीट आण, लिटर नव्याने काढू.