लाइन बटणांचे दिवे नीट लावून घ्या

ऑफिसात नवा आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारा फोन, येतो तेव्हा त्याच्या पडद्याशेजारी चार, सहा किंवा त्याहून अधिक बटणांची रांग असते, आणि बहुतेक टेबलांवर पहिले बटण सोडले तर बाकीची वर्षानुवर्षे कोरीच राहतात. फार तर कोणी दोन-चार सहकाऱ्यांचे नंबर त्यांवर टाकून ठेवतो. फोनच्या व्यवस्थेचे काम करताना मला हे सतत खटकत आले आहे, कारण पलीकडे ताटकळणाऱ्या माणसाचा वेळ वाचवण्याची सर्वांत सोपी सोय याच रांगेत असते.

जुन्या की-टेलिफोनमध्ये प्रत्येक बटणामागे बाहेरून आलेली तारांची खरीखुरी जोडी असे. चार बटणे म्हणजे चार लाइन. चारही दिवे लागले की पाचव्या कॉलला जागा नसे. आयपी फोनमध्ये सगळे कॉल एकाच नेटवर्क केबलमधून येतात. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचे डिजिटल रूप करण्याच्या पद्धतीत) आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि पॅकेटांचा भार धरून इथरनेटवर प्रत्येक दिशेला साधारण ८७, त्यामुळे एका फोनवर दोन-तीन कॉल असणे केबलला मुळीच जड जात नाही. बटण कशासाठी वापरायचे हे आता केवळ सेटिंग ठरवते, आणि ते विचार करून ठरवायला हवे.

पहिला प्रश्न असा की, दोन बटणांवर एकच एक्स्टेंशन (ऑफिसातला अंतर्गत नंबर) ठेवायचे की दोन वेगळी खाती, म्हणजे दोन स्वतंत्र नंबर. एकाच माणसाचा एकच नंबर असेल तर तेच एक्स्टेंशन दोन बटणांवर ठेवणे सोयीचे पडते. समजा, पहिल्या बटणावर पुरवठादाराशी बोलणे चालू आहे आणि दुसऱ्या बटणाचा दिवा लुकलुकू लागला. पडद्यावर नाव दिसते, आपण पुरवठादाराला ‘एक मिनिट’ म्हणून दुसरे बटण दाबतो. बहुतेक फोनवर पहिला कॉल आपोआप होल्डवर जातो आणि त्याचा दिवा वेगळ्या लयीत लुकलुकत राहतो. परत यायचे तर पहिले बटण दाबायचे, एवढेच. कोणता मेनू उघडायचा नाही, की कोणता कोड आठवायचा नाही.

एकाच माणसाकडे दोन कामे असतील, उदाहरणार्थ विक्री आणि तक्रारी, तर मात्र दोन वेगळी खाती घ्यावीत. मग रिसीव्हर उचलण्याआधीच कोणत्या कामाचा कॉल आहे हे दिव्यावरून कळते, आणि बाहेर फोन लावताना योग्य बटण दाबले की समोरच्याला योग्य नंबर दिसतो. इथे एक बारकावा आहे. बटण न दाबता सरळ नंबर फिरवला की बहुतेक फोन पहिलीच लाइन धरतात, म्हणून पहिल्या बटणावर तोच नंबर असावा जो ग्राहकाने जपून ठेवला तरी चालेल.

एका नंबरवर एका वेळी किती कॉल येऊ द्यायचे, याबाबत माझे मत ठाम आहे: बहुतेकांना दोन पुरे. सहा बटणे आहेत म्हणून सहा कॉल येऊ दिले, तर बोलणाऱ्याच्या समोर चार दिवे लुकलुकत राहतात आणि त्या चारही जणांना फक्त रिंग ऐकू येत राहते. मर्यादा दोनवर ठेवली की तिसऱ्या कॉलला फोन ‘४८६ बिझी’ असे उत्तर देतो, आणि पीबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजमध्ये, तशी व्यवस्था केलेली असेल तर तो कॉल लगेच दुसऱ्या सहकाऱ्याकडे किंवा व्हॉइसमेलवर वळतो. फोन करणाऱ्याला न उचलल्या जाणाऱ्या रिंगपेक्षा हे केव्हाही बरे.

उरलेल्या बटणांपैकी काहींवर मी आग्रहाने बीएलएफ, म्हणजे सहकाऱ्याचे एक्स्टेंशन मोकळे आहे की गुंतलेले हे दाखवणारा दिवा, लावायला सांगतो. यामागची पद्धत २००५ च्या आरएफसी ४२३५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात मांडलेली आहे: आपला फोन सर्व्हरकडे त्या एक्स्टेंशनच्या खबरीची मागणी नोंदवतो आणि तिकडे काही बदलले की सर्व्हर कळवतो. साध्या स्पीड डायलने फक्त नंबर लागतो. बीएलएफमुळे नंबर लावण्याआधीच तो लावण्यात अर्थ आहे का ते कळते. रिसेप्शनवरचा माणूस ‘साहेब दुसऱ्या फोनवर आहेत, मी निरोप देऊ का?’ हे कॉल ट्रान्सफर न करताच सांगू शकतो, आणि ग्राहक तीन टेबले फिरून पुन्हा रिसेप्शनलाच येऊन पोहोचत नाही. मात्र ज्यांच्याकडे रोज कॉल वळवावे लागतात तेवढेच दिवे लावावेत. सगळ्या ऑफिसची यादी बटणांवर चढवली तर हवा तो दिवा नजरेला सापडत नाही.

पार्कची सोय तर फारच थोडे लोक वापरतात. होल्डवर ठेवलेला कॉल साधारणपणे त्याच फोनवरून परत घेता येतो. पार्क केलेला कॉल कुठल्याही टेबलावरून घेता येतो. अ‍ॅस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या नमुना सेटिंगमध्ये ७०० वर कॉल पार्क होतो आणि त्याला ७०१ ते ७२० यांपैकी एक जागा मिळते. यांतल्या पहिल्या दोन-तीन जागा सर्वांच्या फोनवर एकाच क्रमाने बटणांवर लावल्या, तर ‘पार्क एकवर तुमचा कॉल आहे’ एवढे सांगणे पुरते. गोदामातला माणूस जवळच्या फोनवरचा लागलेला दिवा पाहून तेच बटण दाबतो.

बटणांवरची नावे कामाची असावीत. ‘१०३’ पेक्षा ‘खरेदी’ हे लेबल नव्याने आलेल्या किंवा बदलीवर बसलेल्या माणसाला लगेच कळते. लाल आणि हिरवा हा फरक सर्वांनाच दिसतो असे नाही, म्हणून माहिती देताना दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, हेही सांगावे.

एक गोष्ट मात्र दिवे लावण्याआधीच ठरवून घ्यावी. बीएलएफमुळे कोण केव्हा आणि किती वेळ फोनवर आहे हे इतरांना दिसते, काही फोनवर तर समोरचा नंबरही दिसतो, आणि पिकअप चालू असेल तर दुसऱ्याचा वाजणारा कॉल कोणीही उचलू शकतो. त्यामुळे पिकअपचा अधिकार त्या त्या विभागापुरताच ठेवावा, आणि पगार, भरती किंवा कायदेशीर बाबी पाहणाऱ्यांची एक्स्टेंशने इतरांच्या बटणांवर लावण्यापूर्वी त्यांना विचारावे.