मुंबईच्या पावसात वाळवंटातला कॅक्टस

‘कॅक्टसला पाणी कमीच घालायचं’ हा सल्ला अर्धा आहे. रोज दोन चमचे पाणी घालणारा माणूसही तोच सल्ला पाळत असतो, आणि त्याचंच झाड बुडातून कुजतं. वाळवंटात कॅक्टस थोडं थोडं पाणी पीत नाही. तो एकदम भरपूर पितो आणि मग दार लावून बसतो. हे एकदा नीट समजलं की कुंडीत काय भरायचं, पाणी कधी घालायचं हे फारसं विचारावं लागत नाही.

ॲरिझोना आणि मेक्सिकोतलं सोनोराचं वाळवंट घ्या. तिथेही जुलै ते सप्टेंबर गडगडाटासह पाऊस येतो. सर येते, झोडपून जाते आणि रेताड, खडकाळ जमिनीचा वरचा थर लगेच सुकायला लागतो. तिथला सग्वारो कॅक्टस १२ मीटर आणि त्याहूनही उंच जातो. त्याचं सोटमूळ मात्र जेमतेम दोन फूट खोल असतं. बाकीची बहुतेक मुळं वीतभर खोलीच्या आतच राहतात, पण झाडाच्या उंचीएवढी चौफेर पसरतात. जमीन भिजली की त्यांना नवी बारीक तंतुमुळं फुटतात, मिळेल तेवढं पाणी ओढतात आणि जमीन सुकली की मरतात. जाड मुळांवर बुचासारखी साल असते. ती मुळं आकसली की त्यांच्याभोवती हवेची बारीक फट पडते, त्यामुळे कोरडी माती झाडातलं पाणी परत शोषू शकत नाही.

ओढलेलं पाणी खोडात साठतं. खोडावरचे कंगोरे पेटीच्या भात्यासारखे उलगडतात आणि मिटतात, म्हणून साल न फाटता खोड फुगतं. आतला गर बुळबुळीत असतो आणि तो चिकटपणाच पाणी धरून ठेवतो. बाहेरून मेणाचा जाड थर. काटे म्हणजे बदललेली पानं. ते जनावरांना दूर ठेवतात, शिवाय कोवळ्या शेंड्यावर सावली धरतात आणि वारा अडवतात. काटे उगवतात ती लोकरीसारखी बारीक गादी फक्त खऱ्या कॅक्टसलाच असते. शेताच्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग किंवा शेर तपासून बघा: गादी नाही, आणि खरचटलं की पांढरा चीक. ती झाडं युफोर्बिया कुळातली, कॅक्टसची नातलग नव्हेत. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, गंभीर इजा होते. आपल्याकडचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, अमेरिकेतून आणलेला. त्याच्या गादीत काट्यांबरोबर बारीक कुसळं असतात. बोटात घुसली तर चिकटपट्टी लावून ओढून काढावीत, चोळू नयेत.

सगळ्यात मोठी करामत रात्रीची आहे. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं, म्हणजे सालीवरची सूक्ष्म छिद्रं, उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. कॅक्टस रंध्रं रात्री उघडतो, तो वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून त्याच साठ्यावर अन्न तयार करतो. आपल्या ओळखीची पानफुटीही हेच करते. तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, हे भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ मध्ये पत्रातून कळवलं होतं.

मुंबईत अडतं ते नेमकं इथेच. वाळवंटात दिवस तापतो, पण रात्री पारा उतरतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये रात्रीचा पारा सहसा २६-२७ अंशांच्या खाली जात नाही. उष्ण रात्री रंध्रं नीट उघडत नाहीत आणि साठवलेलं अन्न मात्र खर्च होत राहतं. म्हणून बरेचसे वाळवंटी कॅक्टस इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त जोमाने वाढतात. कुंडी बदलायची, खत घालायचं, तर माझ्या मते याच दिवसांत.

मग जून येतो. एकट्या जुलैत मुंबईत ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण नुसत्या भिजण्याने झाड मरत नाही. माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. त्यामुळे सगळा खेळ माती किती लवकर सुकते याचा. दोन भाग ३ ते ६ मिलिमीटरचा विटांचा चुरा किंवा बारीक खडी, एक भाग धुतलेली जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं पानखत घ्या. चुरा चाळून त्यातली भुकटी फेकायची, नाहीतर ती तळाशी बसून भोक बुजवते. चौपाटीची वाळू अजिबात नको, ती बारीक आणि खारट असते. कुंडी मातीची, मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोट-दोन बोटंच रुंद. वरून मगभर पाणी ओतलं की ते लगेच खालून निघालं पाहिजे. वर तळं साचलं तर मिश्रण चुकलं.

नर्सरीतून आणलेलं झाड बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतं. बाहेरून कोरडं, आत ओलं. तो भुसा सोलून काढा, मुळं मोकळी करा, आठवडाभर सावलीत सुकवा, मगच लावा. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुळं धुऊन, स्पिरिटचा बोळा फिरवून पूर्ण वाळू द्यावीत.

पाणी घालायचं तेव्हा खालून वाहीपर्यंत, संध्याकाळी. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ओली असेल तर थांबा. हिवाळ्यात साधारण ८ ते १२ दिवसांनी पाणी लागतं. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, वारा खेळेल अशा जागी, आणि पाणी तीन-चार आठवड्यांनी, तेही उघडीप असेल तरच.

बूड मऊ, पिवळट-तपकिरी झालं तर वाट पाहू नका. धारदार सुरी स्पिरिटने पुसून आडवा काप घ्या. कापाच्या मधोमध एक बारीक कडं दिसेल, त्या झाडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या. कड्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका असेल तर कूज अजून वर आहे. सुरी पुन्हा पुसा, बोटभर वर कापा, ठिपका पूर्ण जाईपर्यंत. मग कडेची साल तिरकी छाटा. सुकताना मधला भाग आत ओढला जातो, आणि नवी मुळं त्या कड्यातूनच फुटतात, ती मातीला टेकली पाहिजेत. कापावर गंधकाची पूड लावा आणि पंख्याखाली ठेवा. कोरड्या दिवसांत दहा दिवस पुरतात, पावसाळ्यात तीन आठवडेही लागतात. मग कोरड्या खडीवर नुसतं उभं करायचं. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही.

एक अपवाद आवर्जून सांगावासा वाटतो. मुंबईच्या गॅलऱ्यांत पावसाळ्यात एका रात्रीसाठी फुलतं आणि ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, तोही कॅक्टसच, एपिफायलम. तो मध्य अमेरिकेकडच्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतो आणि त्याची ‘पानं’ म्हणजे चपटी खोडं. त्याला आपला पाऊस मानवतो. लाल-पिवळ्या गोळ्याच्या कलमी कॅक्टसचंही तसंच. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं. खालचं हिरवं खोड त्याला पोसतं, आणि ते खोड सहसा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं असतं. या दोघांना वाळवंटी झाडांइतकं कोरडं ठेवू नका.

पावसानंतरची एक चूक सर्रास होते. चार महिने छपराखाली राहिलेलं झाड ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात थेट ठेवलं जातं आणि दुपारपर्यंत त्याच्यावर पांढरट डाग पडतो. तो पुढे खरबरीत तपकिरी होतो आणि कधीच जात नाही. दोन आठवडे फक्त सकाळचं ऊन द्या, दुपारी पातळ पांढरं कापड धरा.