चेपलेल्या चौदा बाटल्या

बर्लिनमध्ये आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात शिरलं की डाव्या हाताला रिकाम्या बाटल्यांचं मशीन आहे. भिंतीत एक गोल भोक. त्यात बाटली आडवी सरकवायची. आतला पट्टा तिला ओढून घेतो, गोल गोल फिरवून बारकोड वाचतो, आणि मग भिंतीपलीकडून चर्रर्र असा आवाज येतो. पडद्यावर २५ सेंट वाढतात. शेवटी बटण दाबून चिठ्ठी घ्यायची, काउंटरवर तेवढे पैसे बिलातून वजा होतात. या अनामतीला इथे ‘फांट’ म्हणतात. एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर ती २००३ च्या जानेवारीपासून लागू झाली.

आई तीन महिन्यांसाठी आली तेव्हा मी तिला हे मशीन मोठ्या रुबाबात दाखवलं. जणू मीच बसवलं होतं. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, “आपल्याकडे क्रेट परत नेऊन डिपॉझिट सोडवायचो, तेच की. तिथे दुकानदार होता, इथे भोक आहे.”

खरं तर बर्लिनच्या नळाचं पाणी खुशाल प्यावं असं आहे. पण केटलीत पांढरे क्षार साचतात. ते आईने पाहिले आणि तिचा विश्वास उडाला. नवराही लगेच म्हणाला, “राहू दे, आईंसाठी बाटल्या आणू.” जावयाचा मान राखायचा म्हणून ती बाटल्यांचं पाणी पीत राहिली आणि सासूचा मान राखायचा म्हणून हा आणत राहिला. तीन आठवड्यांत मोरीकडच्या कोपऱ्यात बाटल्यांचा ढीग व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आई प्रत्येक बाटली रिकामी झाली की दोन्ही हातांनी पिळून, चेपून, झाकण घट्ट लावून चपटी करत होती. चौदा बाटल्या एका पिशवीत. किती जागा वाचली बघ, हे वर.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडच्या बाटलीवर लिहिलेलंच असतं, वापरानंतर चुरगाळून टाका. नाहीतर कुणीतरी तीच बाटली भरून स्टेशनवर पुन्हा विकेल. तिथे शहाण्या नागरिकाने जे करायचं, ते इथे नेमकं करायचं नाही. मशीनने पहिली बाटली घेतली, फिरवली, विचार केला आणि तोंडातून गोळी बाहेर काढणाऱ्या पोरासारखी परत दिली. दुसरी परत. तिसरी परत. साडेतीन युरो पिशवीत पडून होते आणि मागे रांग वाढत होती.

“आजी, बाटली दाबायची नसते!” माझी नऊ वर्षांची लेक. इथल्या शाळेत जाणारं मूल घरात असलं की वेगळा पोलीस लागत नाही.

मागे एक आजोबा दोन भल्यामोठ्या पिशव्या घेऊन उभे होते. बागांतून, स्टेशनांवरून बाटल्या गोळा करून चार पैसे जोडणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून लोक बाटली डब्याशेजारी उभी करून ठेवतात. आजोबांनी आईच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडलं आणि हवेत फुंकल्याची खूण केली.

आईला भाषा कळायची गरजच नव्हती. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसण्यात तिचं लहानपण गेलेलं. तिने बाटली तोंडाला लावली, गाल फुगवले. फट्ट! बाटली ताठ उभी. एकामागून एक ती बाटल्या फुगवत गेली, लेक मशीनमध्ये सारत गेली. अकरा गेल्या, तीन शेवटपर्यंत बधल्या नाहीत. दोन युरो पंचाहत्तर. “चिठ्ठी त्यांना देऊ या का गं?” आईने हळूच विचारलं. पण तोवर त्यांचं मशीन सुरू झालं होतं आणि त्यांची चिठ्ठी आमच्यापेक्षा लांबलचक होणार हे दिसतच होतं.

वाटेत मी तिला पुढचं गणित सांगितलं. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, पाण्याच्या काचेच्या बाटलीला १५. या धुऊन पुन्हा पुन्हा भरल्या जातात. आणि २५ सेंट मिळतात ते त्या चर्रर्रवाल्या बाटलीला, जिचा मागच्या मागे चुरा होतो. आई थांबलीच. “म्हणजे जिची जास्त काळजी घ्यायची, तिचे पैसे कमी?” लोकांनी प्लास्टिक फेकू नये म्हणून, मी म्हटलं. “मग नळाचंच पिऊ या,” म्हणाली. केटलीतले क्षार माफ झाले. नवऱ्याला अजून वाटतं, त्यानेच समजावलं.

आमच्या चौकात पिवळा, निळा, तपकिरी, काळा असे डबे ओळीने आहेत आणि कुठल्यात काय जातं हे मला झोपेत विचारा. दह्याच्या डब्याचं झाकण सोलून वेगळं टाकण्याबद्दल मी भाषण देऊ शकते. पण निळा डबा भरतो तो आमच्याच पार्सलांच्या खोक्यांनी, आणि दरवर्षी भारतात जाऊन येणाऱ्या विमानाचा धूर कुठल्या डब्यात टाकायचा ते माहीत नाही. आईकडे भाषण नाही, तिच्याकडे टाकायलाच काही नसतं. इथे नवलकोल घेताना लोक पाला तिथेच तोडून खोक्यात टाकतात. आईने तो हातभर उचलला. काउंटरवरच्या बाईने कौतुकाने विचारलं, किती ससे आहेत घरी? लेकीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “चार.” रात्री आम्ही चार सशांनी लसणाच्या फोडणीची भाजी खाल्ली.

आईचं सगळंच आदर्श आहे असंही नाही. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दोन-चार महिने ती कापडी पिशवी कमरेला खोचून मंडईत जायची. आता सांगलीच्या घरी गादीखाली पिशव्यांचा साठा आहे, हे मी पाहिलंय. “टाकवत नाही,” एवढंच तिचं म्हणणं.

तिला न उलगडलेलं कोडं एकच. दह्याच्या काचेच्या बरणीचे १५ सेंट परत मिळतात आणि जॅमच्या तितक्याच देखण्या बरणीचे काहीच नाहीत, ती सरळ काचेच्या डब्यात जाऊन फुटते. तिला ते फुटणं ऐकवेना. तीन महिन्यांच्या जॅमच्या बरण्या, लाल चौकड्यांच्या झाकणांच्या, तिने धुऊन ओट्याखाली रचल्या होत्या. निघायच्या आदल्या रात्री बॅग काट्यावर ठेवली. चोवीस किलो तीनशे, तेवीसच चालतात. आईने बॅग उघडली, मी हौसेने घेऊन दिलेला लोकरीचा जाड कोट बाहेर काढला, आणि मोज्यांत गुंडाळलेल्या बरण्या पुन्हा नीट लावल्या.