तीस मीटरची तयारी दहा मीटरवर: गोव्यातले दोन दिवस

गेल्या वर्षी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी स्कूबा डाइव्हिंग करताना तीस मीटर खोलीवर होतो. डाइव्ह कॉम्प्युटरवर नो-डेकोची, म्हणजे थेट वर येता येण्याजोगी, आठ मिनिटं शिल्लक, आणि माझ्या सिलिंडरमधल्या दाबाचा काटा ७० बारवर. माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं. 'मामाने हवा पिऊन टाकली' हे भाच्याने कोल्हापुरात घरोघरी सांगितलं.

म्हणून यंदा जानेवारीत दोघं गोव्याला गेलो. गोव्यात कसली डीप डाइव्ह, असं कुणी विचारेल. बरोबरच आहे. ग्रँड आयलंडभोवतीच्या बहुतेक जागा वीस मीटरच्या आत संपतात, आणि पाणी गढूळ. आम्हाला जेमतेम चार मीटरवरचं दिसत होतं. पण मला मासे बघायचे नव्हते, हवा मोजायची होती. त्याला ही जागा उत्तम.

आधी हिशेब. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन शरीरात विरघळतो. जेवढी मिनिटं खाली राहिलं तरी वाटेत न थांबता सुरक्षितपणे वर येता येतं, ती नो-डेको मर्यादा. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात साध्या हवेवर १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, २५ ला २९, ३० ला फक्त २०. म्हणून सगळे विचारतात, ही वीस मिनिटं वाढवायची कशी? माझ्यासारख्याला त्याआधीचा प्रश्न: वीस मिनिटं पुरेल एवढी हवा तरी आहे का?

बोट सकाळी बोगमाळोहून निघाली. पहिल्या डाइव्हला इन्स्ट्रक्टरने आम्हाला दहा मीटरवर वाळूत नेलं आणि दहा मिनिटं सावकाश एका गतीने पोहायला लावलं. माझे ४० बार गेले. ११ लिटरच्या सिलिंडरमधून ४४० लिटर, म्हणजे मिनिटाला ४४. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबाने माझा श्वास मिनिटाला २२ लिटर. तीस मीटरवर दाब चौपट, तिथे ८८. दोनशे बारमधले पन्नास राखून उरतात १६५० लिटर; ते पावणेएकोणीस मिनिटांत संपतात, तेही उतरण्या-चढण्याची हवा न धरता. आणि घाबरलो की आकडा याहून वाईट, हे नेत्राणीने दाखवलंच होतं.

वर आल्यावर इन्स्ट्रक्टरने माझा वजनाचा बेल्ट हातात घेऊन बघितला. "दादा, इतकं शिसं कशाला?" मी म्हटलं, सवय. सिलिंडरमध्ये पन्नास-एक बार उरले होते, तेवढ्यावरच त्याने मला बोटीशेजारी बीसीडी (तरंगायला हवा भरतात ते जाकीट) रिकामी करून उभं तरंगायला सांगितलं आणि एकेक तुकडा काढत गेला. नेहमीसारखा श्वास रोखला की पाणी डोळ्यांशी, सोडला की हळूच खाली, तिथे तो थांबला. दोन किलो कमी झाले होते! ते जादाचं शिसं उचलून धरायला मी बीसीडीत हवा भरायचो, मग पाय खाली, डोकं वर, आणि पाण्याला आडवा छातीचा अडसर करत पोहायचो. हवा तिथे जात होती.

दुसऱ्या दिवशी तीच चाचणी: ३० बार. म्हणजे १६.५ लिटर. तीस मीटरवर हिशेबाने पंचवीस मिनिटं. आता माझी हवा वीस मिनिटांच्या मर्यादेच्या थोडी पुढे गेली, आणि नायट्रॉक्सचा, म्हणजे ऑक्सिजन वाढवून नायट्रोजन कमी केलेल्या हवेचा, विचार करायला अर्थ आला. त्याआधी तो निव्वळ पैशांचा चुराडा होता.

३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर तीस मीटर शरीराला हवेवरच्या साधारण साडेचोवीस मीटरइतकेच पडतात, नायट्रोजनच्या हिशेबाने. म्हणजे वीसच्या जागी २९ मिनिटं. पण ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायचा, या हिशेबाने हाच वायू ३३ मीटरच्या पुढे न्यायचा नाही. तिथे ऑक्सिजनच विषारी ठरतो, पाण्यात आकडी येऊ शकते. त्यासाठी वेगळा कोर्स लागतो, आणि सिलिंडर स्वतः अ‍ॅनालायझरवर तपासून खोलीची मर्यादा टेपवर लिहायची. मिळतो का, हे दुकानात आधी फोन करून विचारा.

फुकटचा उपाय मात्र सगळ्यांना मिळतो: आधी सगळ्यांत खोल जा, मग उतारावरून वर सरकत राहा. तीस मीटरवर आठ-दहा मिनिटं, मग अठरा, मग बारा. प्रत्येक पायरीला कॉम्प्युटर नवा हिशेब करतो आणि मिनिटं वाढतात. उलट क्रमाने केलं तर खोलावर पोचेपर्यंत शिल्लक संपलेली असते. दोन डाइव्हमधला वेळही तसाच: आम्ही पहिल्या दिवशी बोटीवर तासभर बसलो, दुसऱ्या दिवशी दीड तास, आणि दुसऱ्या डाइव्हची मर्यादा जास्त मिळाली.

एक करू नका: हवा वाचवायला श्वास रोखू नका. भाच्याने करून बघितलं. कार्बन डायऑक्साइडने डोकं इतकं ठणकलं की थाळी तशीच परत गेली. श्वास लांब आणि सलग हवा. मिनिटं शून्यापर्यंत ताणायचीही नाहीत. पाच हातात असताना वर निघायचं, आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा खबरदारीचा थांबा चुकवायचा नाही. आदल्या रात्रीची फेणी, शक्य असेल तर, परतीच्या दिवसासाठी ठेवा.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी बंद. आणि आमच्यासारखे गाडीने येणारे विमानाचा नियम वाचून निर्धास्त होतात, घाट विसरतात. लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानाआधी अठरा तास थांबायचं, हा सल्ला सुमारे सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो, आणि आंबोली ६९० मीटरवर आहे. शेवटची डाइव्ह रविवारी दुपारी एकला संपली. भाच्याला सोमवारी ऑफिस होतं, "मामा, गाडीतनं काय होतंय!" म्हणून तो सावंतवाडीपर्यंत भांडत आला. तिथे मी लॉजवर चावी घेतली. सोमवारी आठला घाट चढलो; त्याने साहेबाला पोट बिघडल्याचं कळवलं होतं.