गोटा

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेनं गाळ आणून टाकला आणि जमीन करून दिली, तव्यासारखी सपाट. चढ म्हणाल तर नाल्यातून वर यायचं तेवढाच. अशा मुलखात माणूस गाडी शिकतो, पण चढ शिकत नाही.

तरी क्लचची गाडी होती तोवर अर्ध्या क्लचवर तिला नाल्याच्या काठाशी रोखून धरता यायचं. मग डावा गुडघा कुरकुरू लागला आणि मी ऑटोमॅटिक घेतली. बाबा गाडीत बसले, खाली दोनच पेडल पाहिले आणि म्हणाले, "मंग डाव्या पायाले घरीच ठेवत जा."

वर्षभर सुखात गेलं. श्रावणातल्या एका रविवारी चिखलदऱ्याला निघालो. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि वर जाता जाता सुमारे १,१०० मीटर उंची गाठतो. धुकं, रिमझिम, आणि सारा अमरावती जिल्हा एकाच रस्त्यावर. एका वळणावर समोरून एसटी आली, रांग थांबली. रांग हलली तसा मी ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरकडे नेला. दोन पेडलांमधलं अंतर ते किती, वीतभरही नाही. तेवढ्यात गाडी मागं.

"अबे, मांगं घसरून रायली न गाडी!" मागच्या सीटवरून बाबा.

मागच्या जीपनं हॉर्न धरला. मी पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा सोडला, पुन्हा मागं. गियर तर डीवरच होता. पुढं जायच्या गियरात टाकलेली गाडी मागं जाते हे मला त्या दिवशी जितकं अपमानास्पद वाटलं तितकं क्वचितच काही वाटलं असेल.

आता कळतं की सगळ्या ऑटोमॅटिक एका जातीच्या नसतात. ज्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो त्यांत इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये तेल फिरत असतं. ब्रेक सोडला की तेच तेल चाकांना थोडं पुढं ढकलतं, त्यामुळे हलक्या चढावर गाडी मागं घसरत नाही. चढ तीव्र असला तर तीही घसरते. माझी एएमटी. ही आपल्याकडे २०१४ साली आली आणि स्वस्त म्हणून गावोगाव पोचली. आतून ती साधी क्लचचीच गाडी, फक्त क्लच दाबायला एक यंत्र ठेवलेलं. गाडी थांबली की ते यंत्र क्लच दाबून निवांत बसतं. इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटतो, मग चढावर गाडी ओढायला उरतं कोण? तेव्हा वरच्या मॉडेलात हिल होल्ड असायचा, तो पाय उचलल्यावर दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवतो. मी खालचं मॉडेल घेतलं होतं. दर्यापुरात डोंगर कुठून येणार होता!

तिसऱ्यांदा मी ब्रेक सोडलाच नाही. गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरावी असं मनात आलं होतं. केलं नाही ते बरं, त्यानं क्लच प्लेट जळते. तेवढ्यात मागचं दार उघडलं. रस्त्याच्या कामासाठी कडेला टाकलेल्या ढिगातून बाबांनी एक काळा गोटा उचलला आणि मागच्या चाकाला लावला. कापसानं भरलेली बंडी नाल्यातून वर काढताना लहानपणी हेच काम त्यांच्याकडं असायचं. धुरकरी बैलांना हाकारायचा आणि हे गोटा घेऊन चाकामागं. बैल दम खायला थांबले की गोटा चाकाखाली.

"हं, चाल आता."

गाडी निघाली. वळणापलीकडं जागा पाहून थांबवली. मागून धुक्यातून बाबा चालत आले, छातीशी गोटा धरून. जीपमधली पोरं खिडकीतून पाहत होती.

पुढं हँडब्रेकची रीत शिकलो. हँडब्रेक ओढून ठेवायचा, हळूच ॲक्सिलरेटर द्यायचा, गाडीनं ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा. तरी तो गोटा अजून डिकीत आहे. गाडी धुणाऱ्या पोरानं विचारलं, "दादा, फेकू का हा?"

मी काही बोलायच्या आत बाबा ओट्यावरून म्हणाले, "राहू दे. आपल्या इकडं कुठं भेटते गोटा?"