आज कितवा दिवस?

अपग्रेड केलेला कॉम्प्युटर जुन्या विंडोजवर परत आणता येतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. सांगलीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात झेरॉक्सला आलेलं माणूस कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या पिवळट पडलेल्या कॅबिनेटकडे बघतं आणि म्हणतं, "काकू, हा अजून विंडोज ७ वर? अपग्रेड नाही केला?" मी म्हणते, केला होता, परत आणला. पुढचा प्रश्न ठरलेला, "परत आणता येतो?" आणि निम्म्या लोकांचा खरा प्रश्न त्याच्याही पुढचा असतो. तो जरा आवाज खाली करून येतो, "आमचा पण आणून द्याल का?"

त्यावर मी एवढंच विचारते, आज कितवा दिवस?

लोकांना वाटतं काकू चेष्टा करतायत. पण सगळं त्यावरच आहे. अपग्रेड केल्यावर जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ती गुंडाळून ठेवलेली असते, चांगली पंधरा-वीस जीबी जागा अडवून. दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'गो बॅक' दाबलं, तर ती उलगडून पुन्हा जागेवर बसते. दहा दिवस झाले की फोल्डर आपोआप उडतं. आपल्याकडे दहाव्याला निदान कावळ्याची वाट बघतात. इथे तेवढंही कोणी थांबत नाही.

माझ्या वेळी ही मुदत तीस दिवसांची होती, म्हणून मी वाचले. विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला, आणि ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष फुकट होती. मी वर्षभर लक्ष दिलं नाही. २०१६ च्या जुलैत भाचा सुट्टीला आला होता. "मावशी, शुक्रवारी मुदत संपतेय, मग पैसे पडतील." फुकट म्हटल्यावर माझाही जीव राहवेना. बुधवारी रात्री शटर अर्धं ओढून आम्ही बटण दाबलं. दोष कोणाचाच नाही, बोट माझंच होतं.

सकाळी मशीन झकास दिसत होतं. अकराच्या सुमारास पतसंस्थेचे क्लार्क आले, वार्षिक अहवाल घेऊन. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, अहवाल कधी नव्याने करत नाहीत. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, ठेवी वाढवायच्या, अध्यक्षांचा फोटो तोच. सप्टेंबर संपायच्या आत सर्वसाधारण सभा घ्यायची असते, त्यामुळे ऑगस्ट म्हणजे आमचा अहवालांचा महिना, त्यात गणपती मंडळांची पावतीपुस्तकं. मी पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर, उघडला. फाइल उघडली, अक्षरं नीट दिसली. मी 'क' ची कळ दाबली आणि पडद्यावर आली नुसती एक वेलांटी. पुन्हा दाबली, दोन वेलांट्या. क्लार्क मान वाकडी करून बघत होते. "काय ओ, मोडी लिहिताय का?"

आता हे का झालं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मला जुन्याचं प्रेम आहे. आमचे जुने मराठी फाँट म्हणजे खरं तर वेष बदललेली इंग्रजी अक्षरं. युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्याच्या आधीच्या फाँटमध्ये दोनशेच्या आसपास जागा असायच्या, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या. त्यांत आपले तुकडे बसवलेले असत. कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार, कुठे वेलांटी. फाइलच्या पोटात बघितलं तर मराठी काहीच नसतं, इंग्रजी अक्षरांचा काला असतो. मी टाइपरायटरवर शिकलेली, मराठी तीस आणि चाळीस दोन्ही पास. माझी बोटं ज्या कळांवर पडतात त्यांवरून योग्य तुकडे उचलून जोडायचं काम मधलं सॉफ्टवेअर करतं. आणि ते सॉफ्टवेअर चालतं लॉकवर. लॉक म्हणजे मागे यूएसबीला खोचलेला अंगठ्याएवढा डोंगल. तो दिसला तरच सॉफ्टवेअर उठतं. नव्या विंडोजमध्ये लॉकचा जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला लॉक ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, चालला नाही, त्यामुळे मधला माणूसच गैरहजर आणि माझी बोटं थेट तुकड्यांवर.

ज्यांचं सॉफ्टवेअर त्यांना फोन केला. नाव घेत नाही, त्यांचंही बरोबर असेल. म्हणाले, मॅडम, ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या. किंमत ऐकून मी फोन ठेवला. माझं तीन महिन्यांचं भाडं होतं ते.

मग युनिकोडमध्ये टाइप करायचं ना, असं भाचा म्हणाला. त्याला वाटलं सोपं आहे. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. तिथे मराठी चिकटवलं की ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं येतात. पतसंस्थेच्या अहवालात प्रश्नचिन्हं छापली असती तर सभासदांनी खरी मानली असती, तो भाग वेगळा.

सगळ्यात मोठा घोळ मी दुसऱ्या दिवशी करणार होते. सी ड्राइव्ह लाल झाला होता. बघते तर 'विंडोज.ओल्ड', एकोणीस जीबी. जुनं म्हणजे कचरा, म्हणून सिलेक्ट केलं, डिलीटवर बोट, आणि तेवढ्यात आमच्या हार्डवेअरवाल्याचा फोन आला. तो दुसऱ्याच कामासाठी आला होता, यूपीएसच्या बिलाचं काहीतरी. बोलता बोलता म्हटलं, एक फोल्डर उडवतेय. तो ओरडलाच. "काकू, हात लावू नका. तीच तुमची जुनी विंडोज आहे."

त्याने फोनवरच सांगत सांगत करून घेतलं. आधी दोन दिवसांत केलेलं सगळं काम पेनड्राइव्हवर. फाइली सहसा जात नाहीत, पण 'सहसा' या शब्दावर धंदा चालत नाही. मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातातच. भाच्याने टाकलेलं काहीतरी पीडीएफचं गेलं, त्याचं मला दुःख नाही. यूपीएसची बॅटरी तपासली, कारण पावसाळा, आणि हे चालू असताना लाइट गेली तर ना इकडचे ना तिकडचे. मग बटण. आधी ते विचारतं, का परत जाताय? मग विचारतं, अपडेट करून बघता का, कदाचित अडचण सुटेल. मग सांगतं, जुन्या विंडोजचा पासवर्ड लक्षात आहे ना, नाहीतर बाहेर अडकाल. इथे मी थांबले. जुना पासवर्ड! रोज बोटं आपोआप टाकायची, डोक्याला माहीत नव्हता. कीबोर्डवर हात ठेवून डोळे मिटले आणि बोटांनाच टाइप करू दिला, मग कागदावर उतरवून घेतला. पाऊण तासाने जुना निळा पडदा आला. लॉकचा हिरवा दिवा लागला. 'क' दाबला, क आला. क्लार्कना फोन केला, या.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना आनंदाने सांगते. पुढची सांगत नाही, पण तुम्ही नीट विचारलंत.

परत आल्यावर मी रागाच्या भरात सगळेच अपडेट बंद करून टाकले. पुन्हा कोणी मला विचारायला नको. दुधाने पोळलेल्याने ताक फुंकून प्यावं, मी ताकच सांडून टाकलं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, आणि बळी पडलेल्यांत विंडोज ७ वालेच जास्त. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच अपडेटमधून दिला होता. म्हणजे ज्यांनी अपडेट चालू ठेवले होते त्यांना तो दोन महिने आधीच मिळालेला, आणि मी तो दाराबाहेर ठेवलेला. बातमी बघितली आणि तशीच उठून नेटची वायर उपटली. काही झालं नाही, नशीब. पण त्या रात्री मी मोजलं, अठरा वर्षांच्या फाइली, आणि बॅकअप एका जुन्या हार्ड डिस्कवर, तोही गेल्या दिवाळीचा.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर सोवळ्यात आहे. नेट नाही, वायफाय नाही. पेनड्राइव्हसुद्धा एकच, लाल दोरा बांधलेला, गिऱ्हाइकाचा तिथे लागत नाही. आधी रोजच्या कामाच्या नव्या मशीनवर व्हायरससाठी स्कॅन, मग लाल दोऱ्यावर, मग तिकडे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी म्हणून मला झोप लागते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा मी आधी लॉक काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ब्लाउजमध्ये खोचला, मग कॅबिनेट वरच्या मजल्यावर नेला. नवा कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. नवा पुन्हा मिळतो.

दुसरा मार्गही करून बघितला. जुन्याचा मदरबोर्ड एकदा गेला, तेव्हा वाटलं नव्या मशीनवरच ७ टाकावी. सीडी लावली, पहिला पडदा आला आणि माउस हलेना, कीबोर्डही मेलेला. विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे नव्या मशीनच्या पोर्टवरचा कीबोर्ड तिला दिसत नाही. हार्डवेअरवाल्याने माळ्यावरून गोल पिनेचा जुना कीबोर्ड आणला, तो चालला. मग डिस्प्लेचा ड्रायव्हर मिळेना. चार दिवस गेल्यावर त्याने कुठूनतरी सेकंडहँड मदरबोर्डच पैदा केला. मागे जाणं सॉफ्टवेअरने होत असेल, पण मागे गेल्यावर पायाखाली जमीन तेव्हाचीच लागते.

सगळं काम मी तिथे करत नाही बरं का. रोजचं काम नव्यावर, युनिकोडमध्ये. तिथेही सुरुवातीला मार खाल्ला. पहिली लग्नपत्रिका केली, तर आजोबांनी प्रूफ परत दिलं, "हा ल आपला नव्हे, आणि श पण." फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं होती, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. जुन्या फाइली मी जमेल तशा युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. एका स्मरणिकेत 'डोंगरदऱ्या' होतं, त्याने रफार देऊन 'डोंगरदर्या' केलं. सह्याद्रीत समुद्र. प्रत्येक 'दुसऱ्या', 'सगळ्या तऱ्हा' हाताने बघावं लागतं. रोज अर्धा तास बसते. २०१६ ला मी मागे गेले ते राहायला नव्हे, सामान हलवायला वेळ हवा होता म्हणून. सामान अजून निम्मं हललंय.

आता तुमच्यासारख्यांसाठी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्या धास्तीने सगळे ११ वर गेले आणि माझ्याकडे रांग लागली. निम्म्यांचं दुःख एवढंच, की स्टार्टचं बटण मध्ये गेलं. ते टास्कबारच्या सेटिंगमध्ये डावीकडे आणता येतं, त्यासाठी परत जायचं काय कारण? पाच मिनिटांत घरी पाठवते, पैसे घेत नाही. खरोखर ज्याचा स्कॅनर किंवा प्रिंटर अडला, त्याला मी आधी ड्रायव्हर शोधायला लावते. आणि अजून ठरत नसेल तर दहा दिवसांचे साठ करून देते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाकली की मुदत साठ दिवसांपर्यंत वाढते. फक्त ती दहाच्या आत टाकावी लागते. अकराव्या दिवशी तिचा उपयोग शून्य.

एक गुरुजी सतराव्या दिवशी आले. शाळेचा स्कॅनर चालत नव्हता. विंडोज.ओल्ड गेलेलं, बटण नावाला. मग एकच वाट, पेनड्राइव्हवर विंडोज १० घ्यायची, सी ड्राइव्ह पुसायचा आणि कोरी टाकायची. सगळा डेटा आधी बाहेर काढला. त्यांच्या लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, होतं, तेव्हा आधी ४८ अंकी की त्यांच्या खात्यातून उतरवून घेतली, कारण मध्येच मशीनने मागितली आणि नसली तर रामराम. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं म्हणून ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. स्कॅनर चालला. पण मी त्यांना सांगून ठेवलंय, एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट नोंदवून घ्या, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याच्या आत स्कॅनरचं काहीतरी बघा. गुरुजी हो म्हणाले. बघतील असं वाटत नाही.

परवा मंडळाची पोरं आली, २०११ च्या पावतीपुस्तकात फक्त वर्ष बदलायला. मी खुर्ची सरकवून कोपऱ्यात गेले, मशीन चालू केलं. त्यातला एकजण पडद्यावर वाकला. "काकू, हे तारीख १ जानेवारी २००९ दाखवतंय." मदरबोर्डवरचा सेल गेलाय, महिना झाला, रोज सकाळी तारीख हाताने घालते. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. आजही येताना आणायचा राहिला.